पुस्तकाचे तोंड मुलांकडे

अक्कलकुव्याहून निघालेली गाडी देवगोईचा घाट चढते आणि सातपुड्याच्या डोंगररांगा सुरू होतात. या रांगांत वसलेले मोठे बाजारपेठेचे गाव म्हणजे मोलगी. भोवतीच्या पाड्यांवरून लोक आमचूर, भगर, मोहाची फुले घेऊन इथल्या आठवडे बाजाराला येतात. गावात शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. डोंगरातल्या मुलांचे शिक्षण बऱ्याच अंशी इथे एकवटले आहे. या मुलांच्या घरात पावरी, नोइरी किंवा भिल्लांची दुसरी एखादी बोली बोलली जाते. मराठी त्यांना भेटते ती शाळेच्या दारात.

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता 64.38 टक्के नोंदली गेली. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत कमी होता आणि जिल्ह्यातही सातपुड्यातले अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके मागे राहिलेले. या आकड्याचा शाळेपुरता अर्थ सरळ आहे. वर्गात बसलेली कितीतरी मुले घरातली शिकणारी पहिलीच पिढी आहेत. त्यांच्या घरात गोष्टी भरपूर आहेत, गाणी आहेत, डोंगरांच्या, देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा आहेत. पुस्तक मात्र नाही. अशा मुलाच्या हातात शाळेच्या ग्रंथालयातले जे पुस्तक पडेल, तेच त्याचे पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले पुस्तक.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके असावीत, असे बंधन घातले. त्यानंतर सरकारी योजनांतून, देणग्यांतून पुस्तके शाळांपर्यंत येत राहिली. पुण्या-मुंबईत छापलेले पुस्तक शेकडो किलोमीटर प्रवास करून, घाट चढून मोलगीला पोचते आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जाऊन थांबते. तिथून मुलाच्या हातापर्यंतचे अंतर जेमतेम दहा पावलांचे. पण पुस्तकाचा सगळा प्रवास या दहा पावलांपाशी अडून राहतो. ही दहा पावले कशी ओलांडायची, हा या प्रकरणाचा विषय आहे. पुस्तके मुलांसमोर मांडणे ही सजावट नव्हे, ग्रंथालयाचे पहिले काम तेच आहे.

कुलुपाचा इतिहास

पुस्तक बंदोबस्तात ठेवायची सवय फार जुनी आहे आणि तिला एके काळी कारणही होते. छपाई येण्यापूर्वी प्रत्येक प्रत हाताने लिहावी लागे. एक प्रत गेली तर दुसरी मिळेलच याची खात्री नसे. युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये असे साखळदंडी ग्रंथालय आजही पाहायला मिळते. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला जोडलेली असल्यामुळे पुस्तकाची पाठ आत आणि पानांची कड बाहेर राही. आपल्याकडे पोथ्या दोन फळ्यांमध्ये धरून कापडात घट्ट बांधल्या जात. त्या सोडायच्या कुणी आणि वाचायच्या कुणी, हेही ठरलेले असे.

छापखान्याने प्रती मुबलक केल्या, पण सवय सुटायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भारतातल्या बहुतेक ग्रंथालयांत वाचकाने चिठ्ठी द्यायची, शिपायाने आतून पुस्तक आणून द्यायचे, हीच पद्धत होती. ज्याला पुस्तकाचे नाव आधीच माहीत आहे त्याचे काम अशा पद्धतीत भागते. ज्याला एकही नाव माहीत नाही, तो चिठ्ठीवर काय लिहिणार?

हा प्रश्न भारतात मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा हाताळला तो बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शिकलेली मुले शाळा सुटल्यावर वाचणार काय, ही पुढची चिंता होती. त्यासाठी त्यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगावी वाचनालये निघाली आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. बॉर्डन परतल्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने ते काम पुढे चालवले. याच बडोदे संस्थानातला सोनगड-व्यारा हा आदिवासी मुलूख नवापूरच्या पलीकडे लागलेला आहे. शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांची पेटी खेड्यात पाठवण्याचा विचार आपल्या शेजारीच प्रत्यक्षात उतरला होता.

1931 मध्ये एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातले दुसरे सूत्र सांगते की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि तिसरे सांगते की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. तिसऱ्या सूत्राने जबाबदारीची दिशाच बदलली. वाचक आला नाही तर पुस्तकाने त्याच्यापर्यंत जावे, निदान त्याच्या नजरेला पडावे. म्हणूनच रंगनाथन खुल्या मांडणीचा, म्हणजे वाचकाने स्वतः फळीपाशी जाऊन पुस्तक हाताळण्याचा, आग्रह धरत राहिले. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मन्नारगुडीजवळच्या खेड्यांतून पुस्तकांनी भरलेली बैलगाडी फिरू लागली.

महाराष्ट्राने या विचाराचे एक ठळक उदाहरण अलीकडे उभे केले आहे. 4 मे 2017 रोजी पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. सुरुवातीला गावातल्या 25 ठिकाणी सुमारे 15 हजार पुस्तके मांडली गेली. घराच्या ओसरीत, शाळेत, देवळात, एका ठिकाणी एक साहित्यप्रकार, अशी ही रचना. कुणीही आत जावे, पुस्तक उचलावे, बसून वाचावे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या एका गावाने घरातली खोली पुस्तकांना दिली आणि पुस्तके कुलुपाशिवाय सांभाळून दाखवली.

मूल पुस्तक कसे निवडते

मोठा माणूस लेखकाचे नाव पाहतो, विषय पाहतो, कुणी शिफारस केली होती ते आठवतो. पहिली-दुसरीतल्या मुलाकडे यातले काहीच नसते. त्याच्याकडे डोळे असतात. मुखपृष्ठावरचा वाघ, झाडावर चढलेली मुलगी, पावसात भिजणारी बकरी एवढ्यावर ते पुस्तक उचलते. मराठी अजून पुरती न उमगणाऱ्या मुलाला तर पुस्तकाचे नाव वाचून काहीच कळणार नाही. चित्र मात्र पावरी बोलणाऱ्यालाही कळते आणि मराठी बोलणाऱ्यालाही. मुखपृष्ठ हे या मुलासाठी पुस्तकात शिरण्याचे एकमेव उघडे दार आहे.

आता कपाटातली मांडणी पाहू. पुस्तके उभी, एकमेकांना खेटून, पाठ बाहेर. मुलांची चांगली मराठी चित्रपुस्तके बहुधा 16 ते 32 पानांची असतात. मधोमध दोन पिना मारलेल्या या पातळ पुस्तकांना नाव छापण्याइतकी पाठच नसते. पाठ बाहेर करून ठेवली की पन्नास पुस्तकांचा पांढरट कडांचा एक गठ्ठा दिसतो, त्यात एकही पुस्तक वेगळे दिसत नाही. जाड पुस्तकांसाठी केलेल्या कपाटात पातळ पुस्तक ठेवणे म्हणजे ते लपवणेच. ज्या मुलांना चित्रपुस्तकांची गरज सर्वांत जास्त, त्यांचीच पुस्तके या कपाटात सर्वांत आधी नाहीशी होतात.

अमेरिकेत लेस्ली मॉरो आणि कॅरोल वाइनस्टाइन यांनी बालवर्गांमध्ये याचा अभ्यास केला. तो 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या वेळात मुले खेळणी घेत, पुस्तकांकडे फारशी फिरकत नसत. वर्गातल्या पुस्तकांच्या कोपऱ्याची रचना सुधारल्यावर, पुस्तके हाताशी आणि समोर आल्यावर, शिक्षकांनी पुस्तकांभोवती छोटे छोटे उपक्रम घेतल्यावर तीच मुले आपण होऊन पुस्तके घेऊ लागली. तेव्हा मुलांना वाचनाची आवड नाही असे म्हणण्यापूर्वी पुस्तके कुठे आणि कशी ठेवली आहेत ते पाहावे.

दोरी, चिमटा आणि बांबू

मांडणीची सर्वांत सोपी रीत म्हणजे दोरी. भिंतीवर दोन खिळे, त्यात ताणलेली नायलॉनची दोरी आणि तिच्यावर मधोमध उघडून टाकलेली पुस्तके. अनेक शाळांत ही मांडणी दिसते. खर्च जवळजवळ नाहीच. पण जवळ जाऊन पाहिले की तिच्यातली अडचण कळते. अशा पुस्तकाची मधली दुमड वर येते आणि मुखपृष्ठ आडवे लटकते. वाघ कुशीवर झोपलेला दिसतो, नाव वाचायला मान वाकडी करावी लागते. शिवाय दोरीला झोळ पडला की सगळी पुस्तके घसरत मधोमध गोळा होतात.

दुसरी रीत कपड्यांच्या चिमट्यांची. पुस्तकाची वरची कड चिमट्यात धरली की मुखपृष्ठ सरळ राहते. दोरीला दर दहा इंचांवर एक गाठ मारून ठेवली तर चिमटे सरकत नाहीत. मात्र लहान मूल चिमटा दाबत नाही, पुस्तक खाली ओढते. मुखपृष्ठ पिनांपासून सुटते. म्हणून चिमट्यांची दोरी तिसरीच्या पुढच्या वर्गांना बरी.

सातपुड्यातल्या शाळेला याहून चांगला उपाय घराजवळ आहे. बांबूचे काम जाणणारी माणसे इथल्या पाड्यांवर आहेत. अडीच-तीन इंच जाडीचा बांबू उभा चिरला की दोन अर्धगोल पन्हळी मिळतात. प्रत्येक पेराच्या ठिकाणी आत जो पडदा असतो तो छिन्नीने फोडून काढावा, म्हणजे पन्हळ सलग होते. चिरलेल्या कडा धारदार असतात, त्या पॉलिश पेपरने नीट घासून घ्याव्यात, कारण तिथे रोज मुलांची बोटे लागणार आहेत. ही पन्हळ भिंतीला आडवी बसवली आणि तिच्या पाच-सहा इंच वर, पुस्तकाच्या पुढून जाईल अशी एक बारीक दोरी ताणली की मांडणी तयार. पुस्तकाची खालची कड पन्हळीत टेकते, मागची बाजू भिंतीला लागते, दोरी त्याला पुढे पडू देत नाही. मुखपृष्ठ सरळ, पूर्ण उघडे. मुलाने वर उचलले की पुस्तक सुटते आणि परत ठेवताना कुणाची मदत लागत नाही. भिंत कुडाची असेल आणि खिळा धरत नसेल तर पन्हळ वरच्या वाशाला दोरांनी टांगता येते.

उंची मुलाच्या डोळ्यांवरून ठरवावी. पहिलीतल्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर असते. सर्वांत वरची ओळ चार फुटांच्या वर जाऊ नये आणि खालची दीड फुटावर असावी, म्हणजे जमिनीवर बसलेल्या मुलालाही ती दिसते. दहा फूट लांबीच्या भिंतीवर एका ओळीत बारा पुस्तके मोकळी मावतात. अशा तीन ओळींत 36 पुस्तके मुलांकडे तोंड करून उभी राहतात. एका वर्गाला एका वेळी एवढी पुरेशी आहेत.

जागा निवडताना ऊन आणि ओल दोन्ही पाहावे. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर मुखपृष्ठांचे रंग काही महिन्यांतच फिके पडतात. सातपुड्यातला पाऊस जोरदार असतो. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, पुस्तकांना बुरशी येते, ओलीबरोबर वाळवी आणि कसर येते. त्या चार महिन्यांत मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे टांगावी आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पुस्तकाची पाने चाळून वारा लागू द्यावा. हे काम मुले आनंदाने करतात आणि चाळता चाळता थांबून वाचूही लागतात.

काय मांडावे

शाळेकडे चारशे पुस्तके आहेत म्हणून चारशे एकदम मांडू नयेत. फार पुस्तके समोर आली की लहान मूल बावरते आणि जे पहिल्यांदा हाताला लागेल ते घेते. तीस-पस्तीस पुस्तके मांडावीत, दर आठवड्याला त्यातली आठ-दहा बदलावीत. बदललेली पुस्तके मुलांच्या लगेच लक्षात येतात. सोमवारी सकाळी भिंतीवर काय नवे आहे हे बघायला ती आपण होऊन येतात.

निवड करताना मोलगीचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवले तर मांडणीला अर्थ येतो. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा पाऊस, बी, बेडूक, नदी यांची पुस्तके. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो, त्या आठवड्यात बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल आणि 1857 च्या उठावात सातपुड्यात इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक यांच्यावरची पुस्तके. 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 2015 पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पुस्तके कपाटातून बाहेर येतातच. ती संध्याकाळी परत आत न नेता तिथेच राहू द्यावीत, एवढे केले तरी मांडणीची सुरुवात होते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. मागे वसतिगृहात राहिलेल्या मुलांसाठी घर, आजी, प्रवास, पत्र अशा विषयांची पुस्तके समोर असावीत. फाल्गुनात भोंगऱ्या बाजार आणि मग काठी गावची राजवाडी होळी येते. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बावा-बुध्या पाहून आलेल्या मुलांसमोर ढोल, बासरी, नाच, मोर यांची पुस्तके ठेवली तर ती धडाधड उचलली जातील.

मात्र मुलाला फक्त त्याच्याच डोंगराची पुस्तके द्यावीत असे नाही. समुद्र, आगगाडी, बर्फ, अंतराळ, दुसऱ्या देशातली मुले हे सगळे त्याच भिंतीवर हवे. ओळखीचे पुस्तक मुलाला सांगते की तुझे जगणे पुस्तकात येण्याच्या योग्यतेचे आहे. अनोळखी पुस्तक त्याला पुढे बोलावते. दोन्ही शेजारी शेजारी मांडली तर एकासाठी आलेले मूल दुसरेही उचलते.

भाषेचा प्रश्न इथे सर्वांत नाजूक आहे. मराठी नुकती शिकणाऱ्या मुलांसाठी सर्वांत खालची ओळ चित्रांनी बोलणाऱ्या पुस्तकांची ठेवावी. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या 'चित्रवाचन'सारख्या पुस्तकात एकेका मोठ्या चित्रात बघण्या-बोलण्यासारखे इतके काही असते की मुले त्यावर आपल्या बोलीत तासभर बोलू शकतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, भोपाळच्या एकलव्य संस्थेची पुस्तके, प्रथम बुक्सची कमी शब्दांची मोठ्या चित्रांची पुस्तके ही या ओळीसाठी उपयोगी. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघते आहे. त्याचे जुने अंक वरच्या वर्गांच्या ओळीत आजही ताजे वाटतात.

आणि एक जागा मुलांनी केलेल्या पुस्तकांची असावी. आजोबांनी सांगितलेली गोष्ट मूल आपल्या बोलीत सांगते, शिक्षक ती देवनागरीत लिहून घेतात, दुसरे मूल चित्रे काढते, मधोमध दोन पिना मारल्या की आठ पानांचे पुस्तक होते. असे पुस्तक छापील पुस्तकांच्या रांगेत, त्याच उंचीवर, तशीच जागा देऊन ठेवावे. पावरीत लिहिलेले वाक्य मूल पहिल्यांदा वाचते तेव्हा अक्षरे आणि अर्थ एकाच वेळी त्याच्या मुठीत येतात. वाचन म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी उमगते, मग मराठी वाचणेही सोपे जाते.

फिजीतला पुस्तकांचा पूर

मोलगीशी मिळतीजुळती परिस्थिती असलेल्या एका ठिकाणी या विषयाचा गाजलेला प्रयोग झाला. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर खेड्यातली मुले घरी फिजियन किंवा हिंदी बोलत आणि शाळेत इंग्रजीत शिकत. पुस्तके फार थोडी होती. 1980 मध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी तिथल्या आठ ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे 250 गोष्टींची पुस्तके दिली. पुस्तके सचित्र होती आणि मुलांना आवडतील अशी निवडलेली होती. चार शाळांत नेहमीप्रमाणे पाठ्यपुस्तक आणि व्याकरणाचे धडे चालू राहिले.

पुस्तके दिलेल्या काही शाळांत शिक्षक मोठ्या अक्षरांचे पुस्तक सगळ्यांना दिसेल असे धरून मुलांबरोबर वाचत, त्यावर बोलत. बाकीच्या शाळांत पुस्तके वर्गात मांडून ठेवली, शिक्षक त्यातले थोडे वाचून दाखवत आणि रोज वीस-तीस मिनिटे मुलांना हवे ते पुस्तक घेऊन शांतपणे वाचू देत. या पुस्तकांच्या शाळांतल्या मुलांचे वाचन नेहमीच्या शाळांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने सुधारले. दुसऱ्या वर्षी हा फायदा आणखी वाढला आणि लिहिण्यात, भाषेच्या इतर कौशल्यांतही दिसू लागला.

फिजीतल्या मुलांना जशी इंग्रजी तशी मोलगीतल्या मुलांना मराठी. परकी भाषा धड्यातून जेवढी शिकता येते त्याहून कितीतरी अधिक ती आवडत्या गोष्टीतून मुरते. फिजीतल्या प्रयोगात तीन गोष्टी एकत्र होत्या: पुस्तके समोर होती, रोजच्या वेळापत्रकात वाचायला वेळ होता आणि पुस्तकाबद्दल बोलणारे मोठे माणूस होते. नुसती मांडणी केली आणि मुलांना भिंतीकडे जायची सवडच दिली नाही तर उपयोग नाही. रोज वीस मिनिटे वाचनाची असावीत. आठवड्यात एखाद्या दिवशी परिपाठात शिक्षकांनी एक पुस्तक हातात धरून त्यातले चित्र दाखवावे, दोन पाने वाचावीत आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबून पुस्तक पुन्हा पन्हळीत ठेवावे. पुढचे काम ती गोष्टच करते. वाचल्यावर सारांश लिहा, प्रश्नांची उत्तरे द्या असा तगादा मात्र लावू नये, नाहीतर गोष्टीचे पुस्तकही अभ्यास होऊन बसते.

आश्रमशाळेत ही संधी आणखी मोठी आहे. तिथे मुले दिवसरात्र राहतात. शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ, रविवार, सुट्टीचे दिवस हा वाचनाचा खरा वेळ. नेमक्या त्याच वेळी ग्रंथालयाला कुलूप असते. म्हणून मांडणीतली एक पन्हळ निवासाच्या खोलीत असावी. दोन-तीन मुलांकडे तिचे काम सोपवावे, भिंतीला दोरीने बांधलेल्या वहीत कुणी काय घेतले ते मुलांनीच लिहावे.

हरवण्याची भीती

पुस्तके बाहेर मांडा म्हटले की शिक्षकांच्या मनात पहिली शंका येते ती हरवण्याची आणि फाटण्याची. ही शंका खोटी नाही. पुस्तके साठा नोंदवहीत चढलेली असतात, तपासणीच्या वेळी ती मोजून दाखवावी लागतात, बदली झाली की पदभार देताना एकेक पुस्तक ताब्यात द्यावे लागते. एक कमी भरले तर स्पष्टीकरण शिक्षकालाच द्यावे लागते. पुस्तक वाचले गेले नाही याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत पुस्तके बासनात गुंडाळून ठेवणारा शिक्षक स्वतःपुरता सुरक्षित राहतो. त्याला दोष देऊन प्रश्न सुटणार नाही, व्यवस्थेनेच आपली मागणी बदलायला हवी.

त्यासाठी वाटाही आहेत. वापरून जीर्ण झालेल्या वस्तूंचे रीतसर निर्लेखन करता येते, पुस्तकांचेही करता यावे आणि ते दरवर्षी नियमाने व्हावे. मुलांची पातळ चित्रपुस्तके शंभर रुपयांच्या आत मिळतात. असे एक पुस्तक साठ मुलांनी वाचून फाटले तर त्याची किंमत पुरेपूर वसूल झाली असे समजावे. पहिली फाट दिसली की चिकटपट्टी, सुटलेल्या पानाला सुईदोरा, मुखपृष्ठाला पारदर्शक आवरण, एवढ्याने पुस्तकाचे आयुष्य वर्षभर वाढते. शुक्रवारी शेवटच्या तासाला पुस्तकांचा दवाखाना भरवला तर पाचवी-सहावीची मुले हे काम मन लावून करतात आणि पुस्तक जपायला तिथेच शिकतात. कुलूप मुलाला पुस्तकापासून लांब ठेवते. जपणे शिकवायचे तर पुस्तक हाताळायलाच द्यावे लागते.

तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक प्रश्न बदलला तरी फार फरक पडेल. पुस्तके किती आहेत असे न विचारता या महिन्यात कोणती पाच पुस्तके सर्वांत जास्त वाचली गेली, ते दाखवा, असे विचारावे. ज्या शाळेला उत्तर देता येईल ती शाळा आपले काम करते आहे.

बाजाराचा दिवस आणि फिरत्या पेट्या

आठवडे बाजाराच्या दिवशी पाड्यांवरचे आईबाप मोलगीला येतात आणि वसतिगृहातल्या आपल्या मुलांना भेटून जातात. त्या दिवशी पुस्तकांची मांडणी अंगणात, झाडाखाली आणावी. मुलाने आईच्या शेजारी बसून चित्रे दाखवत गोष्ट सांगावी. मराठीत वाचलेली गोष्ट ते पावरीत सांगेल, आईला ती कळेल, कदाचित ती तशीच एखादी गोष्ट आपल्याकडची सांगेल. शाळेत आपले मूल काय करते याचा पुरावा पालकांना एरवी प्रगतिपुस्तकातून मिळतो आणि तो बहुतेकांना वाचता येत नाही. गोष्ट सांगणारे मूल मात्र कुणालाही समजते. वाचता न येणारे पालकही वाचनाचे साक्षीदार होतात आणि पुस्तक घरी न्यायला ते नाही म्हणत नाहीत.

राहिला प्रश्न पाड्यांवरच्या लहान शाळांचा. एक-दोन शिक्षकांच्या या शाळांकडे पुस्तके थोडी असतात आणि तीच ती असल्यामुळे मुलांना लवकर पाठ होतात. इथे बडोद्याची जुनी युक्ती कामी येते. मोलगी आणि आसपासच्या आठ शाळांनी तीस-तीस पुस्तकांची एकेक पेटी करावी. महिन्यातून एकदा शिक्षक केंद्राच्या बैठकीला एकत्र येतात, तेव्हा पेट्यांची अदलाबदल व्हावी. आठ महिन्यांत प्रत्येक शाळेतल्या मुलांसमोर 240 वेगवेगळी पुस्तके येऊन जातील. एकही नवे पुस्तक विकत न घेता प्रत्येक शाळेचे ग्रंथालय आठपट होईल.

या सगळ्यासाठी लागणारे सामान मोलगीत आज आहे. बांबू आहे, तो चिरणारे हात आहेत, दोरी बाजारात मिळते, पुस्तके कपाटात आहेत आणि वाचणारी मुले वर्गात बसलेली आहेत. कपाट उघडायचा निर्णय मुख्याध्यापकांनी घ्यायचा आहे आणि फाटलेल्या पुस्तकाची जबाबदारी एकट्या शिक्षकावर पडणार नाही, असा शब्द वरिष्ठांनी द्यायचा आहे. हे दोन निर्णय झाले की पुढच्या सोमवारी छत्तीस पुस्तके भिंतीवर उभी राहू शकतात.